सहा सखूबाई आणि एक पोच

एका सखूबाईच्या सहा सखूबाई झाल्या, त्या माझ्यामुळे.

मूळ सखूबाई एकच. विंझरच्या खालच्या आळीतल्या, वय बहात्तर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. पण त्या गुरुवारी सकाळी सात वाजता गोरख ड्रायव्हर गाडीच्या दारात उभा राहून यादी वाचायला लागला, तेव्हा नवव्या नंबरापासून चौदाव्या नंबरापर्यंत नुसत्या सखूबाईच निघाल्या. पहिल्या हाकेला म्हातारी "व्हय" म्हणाली. दुसऱ्या हाकेलाही म्हणाली. तिसऱ्याला खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आरं, म्या बसले न्हवं गाडीत! किती येळा हाकारतुयास? आता काय टपावर चढू?"

सगळे हसले. मीही हसलो. मी मंडळाच्या वेबसाइटसाठी फोटो काढायला भोरहून आलो होतो, हातात मोबाईल होता. पाचव्या सखूबाईला माझं हसू आपोआप थांबलं. कारण ती यादी माझ्या वेबसाइटवरून निघाली होती, आणि चौदा जागांच्या गाडीत नऊच माणसं बसली होती.

गाडीबाहेर भिंतीला टेकून म्हादू धनगर उभा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एका हातात काठी, दुसरा हात बायकोच्या, पारूबाईंच्या खांद्यावर. वरच्या वाड्यावरून दोघं अंधारातच निघाली होती, दीड तासाची उतरण. त्याचं नाव गोरखने वाचलंच नाही. यादीत नव्हतंच.

आमच्या भोरमध्ये एक मंडळ आहे, ते गावोगावच्या म्हाताऱ्यांना पुण्याला नेऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणतं. दवाखान्याला आदल्या दिवशी चौदा नावं जातात, चौदा खाटा राखल्या जातात. यादीत नाव नसलेल्याला त्या दिवशी घेत नाहीत. गोरखने मंडळाच्या मोहिनीताईंना फोन लावला, ताईंनी दवाखान्याला लावला. उत्तर तेच. पाच खाटा त्या दिवशी न आलेल्या सखूबाईंची वाट बघत राहणार होत्या, आणि आलेला म्हादू परत जाणार होता.

तेवढ्यात समोरच्या आपल्या दुकानाच्या पायरीवरून सावळाराम बोलला. सावळारामला सकाळी कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं दिसलं की चहा गोड लागतो.

"सखूबाई म्हंजी बनाआक्काची जाऊच की. जावंला सहा जागा. बरं हाय. घरचा कारभार हाय."

गावातली नावं यादीत घालणाऱ्या बनाआक्का आपल्या दुकानाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "म्या एकच लिवली," आणि माझ्याकडे बघितलं.

मी त्यांचा मोबाईल मागून घेतला, त्यांना पाठवलेली लिंक उघडली, वरचा पत्ता वाचला, आणि मला सगळं कळलं. म्हणजे काय झालं, कशामुळे झालं, कुणामुळे झालं. आणि मी मान वर करून काय म्हणालो? म्हणालो, "एकच नाव जास्त वेळा दाबलं गेलंय."

दाबलं गेलंय. शाळेत कर्मणी प्रयोगाला मला दोनदा भोपळा मिळाला होता. त्या दिवशी मात्र पहिल्या फटक्यात जमला. कुणी दाबलं, कुणी दाबायला सांगितलं, ते सगळं त्या वाक्यातून कसं अलगद गळून पडलं. ऐकणाऱ्यांनी कर्ता आपापला भरून घेतला. फोन आक्कांचा, बोट आक्कांचं.

म्हादू काठी सावरत आक्कांकडे वळला. नेमक्या कुठे उभ्या आहेत ते त्याला दिसत नव्हतं, म्हणून जरा बाजूला बघत बोलला.

"बना, तुजा निरोप व्हता म्हनून आलू."

एवढंच. रागाने नाही. पारूबाईंनी त्याचा हात पुन्हा आपल्या खांद्यावर ठेवला आणि दोघं आल्या वाटेने निघाली. गाडी पाच रिकाम्या जागा घेऊन नसरापूरच्या दिशेला गेली. मी फोटो काढायला आलो होतो, तर तोही काढला होता. भिंतीला टेकलेल्या म्हादूचा. नाव पुकारायच्या आधी.

आता बनाआक्का कोण, ते सांगितल्याशिवाय त्या एका वाक्याचं वजन कळायचं नाही.

आक्कांचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. त्या आधारावर तीसेक वर्षांपूर्वी त्यांना विंझरमध्ये पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ मिळाला. आसपासच्या सगळ्या वाड्या-वस्त्यांत मिळून तेवढाच एक फोन. पुण्या-मुंबईला कामाला गेलेला माणूस आक्कांना फोन करायचा, आक्का निरोप वहीत उतरवायच्या, आणि दूध घालायला खाली आलेल्या कुणातरी गड्याबरोबर वर पाठवायच्या. स्वतःला डोंगर चढणं शक्य नव्हतं. म्हणजे वाड्यांवर त्यांचा पाय कधी लागला नाही, पण जीभ रोज लागायची.

त्यांचा नियम एक. पोच आल्याशिवाय निरोप पोचला असं म्हणायचं नाही.

सुरुवातीला एक दूधवाला गडी त्यांना फसवायचा. निरोप खिशात तसाच ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी "पोचवला" म्हणून मोकळा व्हायचा. तेव्हा आक्कांनी एक युक्ती काढली. निरोप दिला की त्या घरात त्या दिवशी चुलीवर काय होतं ते विचारून यायचं. तीच पोच. गडी खोटं बोलला, तर दोन दिवसांनी त्या घरचं कुणीतरी बाजाराला खाली यायचंच, आणि आक्का सहज विचारायच्या, "काय गं, सोमवारी हुलग्याचं माडगं केल्यालं का?" ती "न्हाई बा" म्हणाली की गड्याची खैर नसायची. गडी सुधारला. पुढे पुढे वाड्यांवरच्या बायकाच निरोप ऐकला की आपणहून झाकण उघडून दाखवायच्या, "बघ, नाचनीची भाकर आन् कुळीथ. सांग बनाला."

दुसरी गोष्ट म्हणजे फोन आला की पहिला प्रश्न, "कुठनं बोलताय?" निरोप कुणाचाही घ्यायच्या. नाही कुणालाच म्हणायच्या नाहीत. पण उत्तर द्यायचं की नाही, ते पलीकडचा कुठून बोलतोय त्यावर ठरायचं. एकदा मंगल नावाची मुलगी सासरी मार खाऊन माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मी तिचा भाऊ, पुण्यातनं घरनं बोलतोय. मंगल आलीय का तिकडं?" आक्कांना मागून कंडक्टरची आरोळी ऐकू आली, भोर, भोर. मग ढाब्याच्या भांड्यांचा आवाज, ट्रकचा हॉर्न. म्हणजे हायवेवरचा भोरचा फाटा, कापूरहोळ. आक्का म्हणाल्या, "कापूरहोळाला घर कवा बांदलंसा? निरोप सांगा, लिवून घेते. कोन कुठं हाय ते म्या सांगनार न्हाई." नवरा होता तो.

बूथ गेला, पाटी गंजली, सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले. पण वरच्या वाड्यावर रेंज आजही येते-जाते, आणि म्हाताऱ्यांकडे फोन नसतोच. त्यामुळे मंडळाच्या यादीत प्रत्येक म्हाताऱ्यापुढे मोबाईल नंबर एकच असतो, आक्कांचा. एकाच नंबरावर सहा सखूबाई आल्या तरी मंडळात कुणाला वावगं वाटलं नाही, ते यामुळेच. तिकडे सखूबाई सहा असणंही काही अशक्य नाही.

तर अशा या बाईचा तीस वर्षांचा नियम मी मंगळवारी दुपारी कापूरहोळच्या ढाब्यावर मिसळ खाता खाता मोडायला लावला.

झालं होतं असं. मंडळाच्या वेबसाइटचा पत्ता लांबलचक होता. मोहिनीताईंना सुटसुटीत हवा होता. सोमवारी मी वेबसाइटचं पान नव्या पत्त्यावर नेलं, पण नोंदी ठेवणारा सर्व्हर जुन्याच पत्त्यावर ठेवला. एका पत्त्यावरचं पान दुसऱ्या पत्त्यावरच्या सर्व्हरला काही विचारायला गेलं, की मध्ये ब्राउझर आडवा येतो. म्हणजे मोबाईलमधलं ज्यात आपण वेबसाइट बघतो ते. सर्व्हरने आपल्या उत्तरावर "अमुक पत्त्यावरच्या पानाला हे द्यायला माझी हरकत नाही" असं लिहिलेलं असेल, तरच तो ते उत्तर पानाच्या हाती देतो. नसेल तर स्वतःच्या मुठीत धरून बसतो. ही परवानगी सर्व्हरच्या फायलीत एका ओळीत लिहायची असते.

मी लिहिली. नवा पत्ता लिहिला, सुरुवातीचे तीन डब्ल्यू न लावता. आणि आक्कांना व्हॉट्सॲपवर जी लिंक पाठवली, तिला तीन डब्ल्यू होते. आपल्या दृष्टीने घर तेच, दार तेच. ब्राउझरच्या दृष्टीने ती दोन वेगळी घरं. मी माझ्या लॅपटॉपवर तपासलं ते बिनडब्ल्यूचं, मंडळात उघडायचे तेही बिनडब्ल्यूचं, सगळं झकास. आक्कांच्या फोनवर मात्र प्रत्येक उत्तर मुठीत.

यातली खरी गोम वेगळीच आहे. ब्राउझर नावाचा हा मधला गडी प्रत्येक वेळी विनंती अडवतो असं नाही. साध्या फॉर्मची विनंती तो जाऊ देतो. ती सर्व्हरपर्यंत पोचते, नोंद होते, जागा भरते. अडतं ते फक्त परत येणारं उत्तर. निरोप वर जातो, पोच खाली येत नाही. आणि पोच आली नाही की माझं पान काय म्हणायचं? मीच लिहिलेलं वाक्य होतं ते: "नोंद झाली नाही. पुन्हा प्रयत्न करा."

आक्कांनी केला प्रयत्न. मग मला फोन केला.

"अमृत, ह्ये तुजं नवीन पान म्हनतंय, नोंद झाली न्हाई."

"पुन्हा दाबा की आक्का."

"तीनदा दाबलं."

"रेंजचं असेल. दाबत राहा, होतंय."

फोन चालू ठेवून त्यांनी आणखी तीनदा दाबलं. मी तेवढ्यात जादा तर्री मागितली.

"न्हाई रं. तेच म्हनतंय. पोच येत न्हाई."

"आक्का, कम्प्युटरला पोच-बिच नसते. तुम्ही घातलेलं नाव गेलं. झालं समजा."

"आन् म्हादूचं घालायचंय त्याचं?"

"तेही घाला, काहीही म्हणू दे त्याला. झालं समजा."

झालं समजा. या दोन शब्दांवर आमच्या धंद्यातली निम्मी कामं उरकतात. तोवर आधीच्या आठ नावांच्या मागे सहा सखूबाईंनी गाडी भरली होती. म्हादूचं नाव सर्व्हरने "जागा नाहीत" म्हणून परत पाठवलं, पण तेही उत्तर मुठीतच राहिलं. आक्कांना दिसलं तेच जुनं वाक्य. आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, पोच नसताना, माझ्या शब्दावर विसंबून वरच्या वाड्यावर निरोप धाडला: गुरुवारी सकाळी सातला या, नाव लागलंय.

गुरुवारी विंझरहून भोरला परतलो आणि दुपारी आधी सर्व्हर उघडला. घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं. त्या ओळीत पत्त्याच्या जागी नुसती चांदणी (*) ठेवली. चांदणी म्हणजे कुठल्याही पत्त्यावरच्या पानाला उत्तर द्यायला मोकळीक. सगळं लगेच चालायला लागलं. मोहिनीताईंना कळवलं, "दुरुस्त झालंय." बघा, पुन्हा तेच. झालंय. कुणी बिघडवलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढचे आठ दिवस मी आक्कांचा फोन उचलला नाही. खरं तर त्यांनी केलाच नाही. तरी मी उचलणार नव्हतो.

नवव्या दिवशी गोरख भोरच्या स्टँडवर भेटला. सहज म्हणाला, "विंझरात आता नावं सावळारामकडं देत्यात बरं का. आक्काकडं कुनी फिरकंना. सखूबाई तेवढी बसती जाऊन."

मी गाडीला किक मारली आणि थेट विंझर गाठलं.

आक्का दुकानात शेंगदाणे निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये. फटू काडायचाय का?"

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. डब्ल्यू, लिंक, मूठ, सगळं. मी सांगत असताना त्यांनी मध्येच तांब्या पुढे सरकवला. बोलणं संपलं तरी त्या शेंगदाणेच निवडत होत्या.

"म्हंजी म्या एकदा दाबलं तवाच नोंद झाल्याली."

"हो."

"आन् त्यो मदला गडी पोच खिशात घालून बसल्याला."

"हो. पण त्याचा दोष नाही. त्याला मी तसं सांगायला हवं होतं. आणि दाबत राहा म्हणालो, तेही मीच."

"त्ये मला ठावं हाय. म्याच व्हते फोनवर." त्यांनी एक किडका दाणा बाजूला टाकला. "त्या दिवशी सगळ्यांम्होरं का न्हाई बोल्लास?"

मी विषय बदलल्यासारखं म्हणालो, "आता दुरुस्त केलंय. चांदणी ठेवलीय. आता कुणालाही उत्तर मिळतं."

"कुनालाबी?"

"हो."

"कुठनंबी इचारलं तरी? म्हादूचा डोळा कंचा, त्यो घरी कवा नसतो, सखूबाय एकली ऱ्हाती का, ह्ये समदं?"

हेही मिळत होतं. कारण यादी वाचायला पासवर्डही ठेवला नव्हता. तीही माझीच कृपा.

"आरं, तुला पोच न्हाई," आक्का म्हणाल्या. आमच्याकडे हे दोन अर्थांनी म्हणतात, आणि त्यांनी दोन्ही अर्थांनी म्हटलं. "आदी म्या म्हनत व्हते पोच येत न्हाई, तर तू म्हनलास पोच नसतीच. आता म्हनतूस समद्या दुनियेला पोच. आदी ती चांदनी उतरव. हितंच बस आन् उतरव."

पिशवीत लॅपटॉप होता. तेलाच्या डब्यावर ठेवून, सावळाराम समोरून टक लावून बघत असताना, मी चांदणी उतरवली. त्या ओळीत पत्ता एकच बसतो. म्हणून सर्व्हरला आमच्याच दोन नावांची यादी दिली, डब्ल्यूवालं आणि बिनडब्ल्यूचं. विचारणारा यातला असेल तर त्याचंच नाव उत्तरावर लिहायचं, नसेल तर काहीच लिहायचं नाही. यादीला पासवर्ड लावला. फॉर्म पाठवायची तऱ्हाही बदलली, आता ब्राउझर आधी नुसतं विचारून येतो, "पाठवू का?" होकार आला तरच नाव पुढे जातं. तेच नाव दुसऱ्यांदा आलं तर सर्व्हर आता दुसरी जागा धरत नाही. आक्का मध्ये मध्ये विचारत होत्या आणि मी सांगत होतो. दीड तासाने त्या म्हणाल्या, "म्हंजी पिवळ्या पाटीचा बूथ केलास म्हन की." मला कॉलेजात तीन वर्षं जे शिकवलं, ते यांनी असं एका वाक्यात गुंडाळून ठेवलं.

"सावळारामला जाऊन सांगू का?" मी विचारलं.

"त्याला कशाला? त्यो उद्या म्हनंल, बनानं पोरगं पढवून धाडलं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "निरोप हाय. वर जायचं. म्हादूला सांगायचं, बनाला नाव दाबाया म्या सांगितलं, ती खोटं बोल्ली न्हाई. फुडच्या गाडीत पयलं नाव तुजं. तुज्या तोंडानं सांगायचं. आन् पोच आनायची."

गाडी डांबर संपलं तिथे लावली आणि चढायला लागलो. खाली उतरायला दीड तास लागणारी ती वाट चढताना सव्वादोन तासांची झाली. दोनदा बसलो. दर वेळी मनात यायचं, ही वाट म्हादू काठीने चाचपत उतरला होता, आणि तशीच परत चढला होता.

तो अंगणात दोरी वळत बसला होता. कुत्रं भुंकलं.

"कोन हाय?"

"मी."

"मी म्हंजी कोन? माजं डोळं गेल्यात. तुजं तोंड तर न्हाई न्हवं गेलं?"

नाव सांगितलं. मग ज्या वाक्यांचा सराव करत चढलो होतो ती बोललो. मी चुकीचा पत्ता लिहिला. मी आक्कांना दाबत राहा म्हणालो. मी झालं समजा म्हणालो. आणि गाडीपाशी मी गप्प राहिलो. सगळी वाक्यं कर्त्यासकट. आक्का खोटं बोलल्या नाहीत, पुढच्या गाडीत पहिलं नाव तुमचं, हेही सांगितलं.

म्हादूचे हात दोरीवर चालूच होते.

"त्या दिशी फटू काडीत व्हता त्यो तूच का?"

"हो."

"माजा काडलास?"

"काढला."

"कसा दिसतूय?"

मी म्हणालो, "वाट बघताय."

तो हसला की खोकला ते कळलं नाही. पारूबाईंनी कोरा चहा आणून ठेवला. आत चुलीवर पातेलं शिजत होतं. मी वाकून बघायला गेलो, तर त्यांनी शांतपणे त्यावर झाकण ठेवलं.

"निरोप पोचला," म्हादू म्हणाला. "पन पोच आत्ता न्हाई मिळायची. आदी डोळा हुं दे. मग ये. पोच कुनाच्या तोंडाला देतूय ते बगून देईन."

परत खाली आलो तेव्हा आक्का दारातच होत्या. "काय व्हतं चुलीवर?"

"झाकण होतं."

एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या. "मग निम्मंच काम झालं तुजं."

भोरला गेल्यावर मोहिनीताईंनाही कर्त्यासकट सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या गाडीला यादी मी स्वतः तपासते. तुझ्या समोर बसून." माझ्या वाट्याला एवढंच बोलणं आलं, तेही कमीच.

पुढची गाडी महिन्याने निघाली. त्या सकाळी मी विंझरला गेलो नाही. सर्व्हरवर काम आहे म्हणालो. सर्व्हर त्या दिवशी इतका निवांत होता की त्यालाच लाज वाटली असेल. जे घडलं ते गोरखने फोनवर सांगितलं. यादी वाचायला लागला तर पहिलं नाव म्हादूचं. म्हादू भिंतीपासून सुटून गाडीच्या दारापर्यंत आला, पायरीवर एक पाय ठेवला, आणि तिथेच थांबून सावळारामच्या दुकानाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला,

"बनाचा निरोप व्हता म्हनून आलू!"

गोरख म्हणाला, "शब्द तेच रं. पन ह्या खेपंला समद्या आळीला ऐकू गेलं. सावळाराम उगंच तराजूचा काटा पुसाया लागला." पुढच्या आठवड्यात सावळारामने आपल्याच भावजयीचं नाव घालायला तिला आक्कांकडे पाठवलं. आता वेबसाइटवर नोंद झाली की हिरव्या अक्षरांत येतं, "पोच आली." मोहिनीताई म्हणाल्या होत्या, "नोंदणी यशस्वी" असं लिही. मी ऐकलं नाही. तेवढं एकच काम मी अभिमानाने केलंय.

म्हादूच्या डोळ्याची पट्टी निघाली, त्याला आता दोन महिने होतील. तपासणीला खाली आला तेव्हा त्याने गोरखला विचारलं म्हणे, "त्यो फटूवाला कुठंय?" गोरख म्हणाला, "भोरला असतो." म्हादू म्हणाला, "लई लांब हाय न्हाई का?"

आक्का दर शनिवारी फोन करतात. पोच आणायला वर का गेलो नाही, याची मी आजवर काय काय कारणं सांगितली. एकदा गाडी पंक्चर, एकदा मोहिनीताईंचं काम, एकदा ताप. ताप खरा होता. परवा त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "चुलीवर काय हाय?"

मी नेहमीसारखं म्हणालो, "अजून झाकणच आहे, आक्का."

"झाकान पारूनं कवाच काडलंय," त्या म्हणाल्या. "आता तूच धरून बसलायस." आणि फोन ठेवला.

सव्वादोन तासांची चढण आहे, बाकी काही नाही. तिकडे एक माणूस आता लांबूनही बघेल, कोण येतंय ते. तो फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे, पुसला नाही, कुठे टाकलाही नाही. त्याला तोही दाखवावा लागेल.

आज रविवार. गाडीत पेट्रोल आहे, टायरमध्ये हवा आहे. मी भोरमध्येच आहे.